केस गळताहेत? आधी तीन महिने मागे जाऊन पाहा

मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका दिसला की घरातल्या-दारातल्या प्रत्येकाकडे उपाय तयार असतो. आई म्हणते, तेल लावत नाहीस म्हणून. मैत्रीण बायोटिनच्या गोळ्यांचं नाव पाठवते. दुकानदार कांद्याच्या तेलाची बाटली पुढे करतो. केस नेमके कसे चाललेत आणि कधीपासून, हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर उपाय ठरतो तो याच उत्तरावर. मुळापासून गळणं, मधेच तुटणं, हळूहळू विरळ होणं आणि एखाद्या जागी गोल चट्टा पडणं या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकीचं औषध दुसरीला लागू पडत नाही.

केसाचं वेळापत्रक

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केसाचं मूळ आपापल्या वेळापत्रकानं चालतं. दोन ते सहा वर्षं केस वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या वेगानं. मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबते आणि साधारण तीन महिने तो केस नुसता जागेवर बसून असतो. ही विश्रांती संपली की तो गळतो आणि त्याच मुळातून नवा केस वर येतो. कुठल्याही दिवशी डोक्यावरचे ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात, उरलेले बहुतेक विश्रांतीत. त्यामुळे रोज ५० ते १०० केस जाणं हा आजार नव्हे. आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्यांचे गळालेले केस वेणीत अडकून राहतात आणि न्हाताना सगळे एकदम हाताला लागतात. केस लांब असतील तर तेवढ्याच केसांचा पुंजका दुप्पट दिसतो.

यातली तीन महिन्यांची विश्रांती लक्षात ठेवा, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो. जोराचा ताप, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, उपासमार किंवा मनाला बसलेला मोठा धक्का, यांपैकी काही घडलं की शरीर खूपशी मुळं एकदम विश्रांतीला धाडतं. केस त्या वेळी गळत नाहीत, गळतात ते दोन-तीन महिन्यांनी. एखादीला श्रावणात डेंग्यू होतो, ताप उतरतो, ती कामाला लागते आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला केस मूठमूठ हातात येतात. तोपर्यंत डेंग्यू विसरलेला असतो, म्हणून दोष जातो नव्या शाम्पूला, नाहीतर बोअरच्या पाण्याला. मग तेल बदलतं, शाम्पू बदलतो, आणि केस आपल्या क्रमानं यथावकाश थांबतात तेव्हा जी बाटली हातात असेल तिला श्रेय मिळतं.

तेव्हा पहिलं काम कॅलेंडर काढण्याचं. गळती सुरू झाली त्याच्या आधीच्या दोन ते चार महिन्यांत काय काय घडलं ते लिहून काढा: ताप, टायफॉइड, चिकुनगुनिया, कोविड, ऑपरेशन, वजन उतरवण्याचा कडक आहार, नवी औषधं, घरातलं आजारपण किंवा मृत्यू.

घरच्या घरी तपासणी

गळालेला एक केस पांढऱ्या कागदावर ठेवा आणि त्याची दोन्ही टोकं निरखून पाहा. एका टोकाला खसखशीहून बारीक अशी पांढरट गाठ दिसली, तर तो मुळापासून गळालेला केस आहे. ही गाठ पाहून ‘मूळच उपटून आलं’ अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. गाठ म्हणजे विश्रांती संपलेल्या केसाचा तळ, खरं मूळ त्वचेतच शाबूत असतं. गाठ कुठेच नसेल, केस आखूड असेल आणि टोक चिरलेलं असेल, तर तो गळालेला नसून तुटलेला आहे. तुटण्याची कारणं शरीरात कमी आणि फणी, रंग, इस्त्री यांत जास्त असतात.

दुसरी तपासणी ओढून पाहण्याची. आदल्या दिवशी न्हाऊ नका. ५०-६० केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत मुळाजवळ धरा आणि टोकाकडे हळूच ओढत न्या. एक-दोन केस आले तर ठीक. डोक्याच्या निरनिराळ्या भागांत दर वेळी सहाहून जास्त येत असतील, तर गळती खरोखर वाढलेली आहे.

तिसरी तपासणी भांगाची. महिन्यातून एकदा, एकाच जागी, एकाच उजेडात भांगाचा फोटो काढून ठेवा. रोज आरशात पाहून फरक कळत नाही, चार महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की कळतो. भांग रुंद होत असेल, पुरुषांच्या कपाळाचे कोपरे मागे सरकत असतील किंवा टाळूवरची त्वचा दिसू लागली असेल, तर ते आनुवंशिक विरळपण असण्याची शक्यता जास्त.

आणि एखाद्या जागी नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. चाई किडा लागल्यानं होत नाही आणि संसर्गजन्यही नसते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मुळांवर उलटल्यानं ती होते. तिच्यावर काहीबाही जळजळीत चोळण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. लहान चट्ट्यांत अनेकदा केस आपोआप परततात, नाहीतर स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं तिथल्या तिथे देता येतात. मुलाच्या डोक्यावरच्या चट्ट्यात खपली, खाज आणि बुडाशी तुटलेले केस दिसले, तर तो डोक्याचा नायटा असू शकतो. त्याला पोटातून औषध घ्यावं लागतं, नुसत्या मलमानं तो जात नाही. घरातल्यांचे कंगवे, टोप्या आणि टॉवेलही वेगळे करावे लागतात.

एकदम गळणारे केस

आजारपणानंतरची गळती बहुधा सहा महिन्यांत ओसरते. तिला कुठलं तेल थांबवत नाही आणि कुठलं तेल वाढवतही नाही. गळालेल्या केसांची मुळं जिवंत असल्यानं केस परत येतात. कपाळाच्या कडेनं उभे राहिलेले बोटभर केस हे त्याचंच लक्षण.

बाळंतिणीचं गणित थोडं वेगळं. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असल्यानं एरवी गळाले असते ते केसही डोक्यावर टिकून राहतात, म्हणून त्या काळात केस दाट दिसतात. बाळंतपणानंतर ते थकलेले केस तीनेक महिन्यांनी एकदम निघू लागतात. अंगावर पाजल्यामुळे केस जातात हा समज चुकीचा आहे, त्यासाठी बाळाचं दूध तोडू नका. बहुतेकींचे केस बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत पूर्ववत होतात. तसं झालं नाही, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडण्याचं प्रमाण कमी नाही.

कुठलंही कारण आठवत नसेल किंवा गळती सहा महिन्यांपलीकडे गेली असेल, तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्यानं करावी. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला असू शकतो. जास्त रक्तस्रावाची पाळी असणाऱ्या स्त्रियांत हे नेहमी दिसतं.

ताटात काय हवं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. केसांसाठी महागडं सीरम घेण्याआधी या आकड्याकडे पाहावं. लोह मिळतं ते हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं, अळीव, तीळ, बाजरी, मटण आणि कलेजी यांतून. जेवणात लिंबू पिळलं, आवळ्याची किंवा पेरूची फोड घेतली, तर भाजी-डाळीतलं लोह अंगी अधिक लागतं. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र त्यातलं बरंचसं वाया घालवतो, म्हणून दोहोंत किमान तासाभराचं अंतर ठेवा. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देण्याची आपली रीत चांगलीच आहे. रक्तक्षय ठरला असेल तर मात्र लाडवांच्या भरवशावर न राहता लोहाच्या गोळ्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्या लागतात.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. केस म्हणजे मुख्यतः केराटिन नावाचं प्रथिन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत ती जेमतेम चार-पाच ग्रॅम मिळतात. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात आणि मूठभर शेंगदाण्यांत सात ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री वरणभात या आहारात हा आकडा गाठला जात नाही. रोजच्या जेवणात वाटीभर घट्ट उसळ किंवा पिठलं, आणि एखादं अंडं, मासा किंवा दही-ताक असं काहीतरी जोडा. वजन झपाट्यानं उतरवण्यासाठी एकवेळच्या सॅलडवर राहणाऱ्यांनी पुढच्या तिमाहीत केस जाणार हे गृहीत धरावं.

‘मग सगळ्याच पोषकांची एक गोळी घेऊन टाकावी’ असं वाटत असेल, तर बुलढाण्याची आठवण ठेवा. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, काही दिवसांत टक्कल पडलं. आधी संशय पाण्यावर गेला, मग ‘टक्कल व्हायरस’ची अफवा उठली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे आणि धान्याचे नमुने तपासून घेतले आणि बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमवर. पुढे काहींची नखंही गळाली. सेलेनियमचा अतिरेक केस आणि नखं दोन्ही घालवतो हे वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे. आणि हेच सेलेनियम ‘केसांच्या’ अनेक गोळ्यांत घातलेलं असतं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच, जादा झालं की केस गळतात. दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकाच वेळी घेणाऱ्यांनी वेष्टनावरची यादी वाचून बेरीज करावी.

बायोटिनची कमतरता साधं जेवण जेवणाऱ्या माणसात क्वचितच असते, त्यामुळे त्याचा फायदाही क्वचितच. शिवाय जास्त मात्रेतल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकीचे येतात. गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला तसं सांगा.

तेल, न्हाणं, विंचरणं

तेलाबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. तेल मुळांना पोसत नाही. मुळं पोसली जातात ती रक्तातून, आणि त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. पण निर्जीव वस्तूचीही राखण करता येते. २००३ मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. न्हाण्याआधी आणि न्हाल्यावर लावलेल्या खोबरेलानं केसातल्या प्रथिनांची झीज लक्षणीय घटली, बाकीच्या दोघांनी नाही. हे दोघे खोबरेल विकणाऱ्याच कंपनीचे संशोधक होते हे खरं, पण खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं हा त्यामागचा खुलासा पटण्याजोगा आहे. तेव्हा न्हाण्याआधी तास-दोन तास, विशेषतः केसांच्या लांबीला आणि टोकांना, खोबरेल लावा. माका, जास्वंद, आवळा घालून उकळलेलं घरचं तेल आवडत असेल तर तेही चालेल. त्याच्याकडून नव्या केसांची अपेक्षा ठेवू नका, एवढंच.

कोंडा असेल तर मात्र तेल रात्रभर ठेवू नका. कोंड्यामागची मॅलासेझिया ही बुरशी तेलावरच जगते. केटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, डोक्याच्या त्वचेला लावून पाच मिनिटं ठेवून धुवा. लावला की लगेच धुणारे लोक नंतर ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणतात. रोज न्हाल्यानं केस जातात हाही गैरसमज आहे. घाम येणाऱ्यांनी, हेल्मेट वापरणाऱ्यांनी दिवसाआड न्हायला हरकत नाही. शिकेकाई-रिठा सोसत असेल तर जरूर वापरा, फक्त पूड नीट गाळून घ्या. भरड कण केसांत अडकले की विंचरताना केस तुटतात.

बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यानं केस राठ होतात, साबण नीट निघत नाही आणि गुंता वाढतो. मूळ मात्र त्यानं मरत नाही. न्हाणं संपताना शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या आणि केसांच्या टोकांना कंडिशनर लावा, तेवढं पुरे.

ओला केस कोरड्यापेक्षा कमजोर असतो. टॉवेलनं खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती पंच्यात केस दाबून टिपा, थोडे वाळू द्या आणि रुंद दातांच्या कंगव्यानं टोकाकडून सुरुवात करत वर जा. बारीक फणी उवांसाठी ठेवा. रोज करकचून बांधलेला अंबाडा किंवा घट्ट पोनी कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस ओढत राहते. तिथे केस विरळ होताना दिसले की लगेच बांधणी सैल करा आणि जागा बदला. वर्षानुवर्षं ताण राहिला तर तिथली मुळं कायमची जातात.

पार्लरमध्ये केस सरळ करून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. फॉर्मॅल्डिहाइडला पर्याय म्हणून आलेल्या ग्लायऑक्झिलिक आम्लाच्या क्रीममुळे काहींच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. डब्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय डोक्याला लावून घेऊ नका. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत बहुधा पीपीडी हा रंग असतो. आधी कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट पाहा.

विरळ होत जाणारे केस

वडिलांकडून किंवा आईकडून, कुठूनही येणारं हे विरळपण सगळ्यांत जास्त आढळतं. टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी या संप्रेरकामुळे काही मुळं आक्रसत जातात. त्यांतून येणारा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड असतो. मुंडण केल्यानं केस दाट येत नाहीत, कापलेलं टोक बोथट असल्यानं नुसते तसे भासतात. कांद्याच्या रसाचा ज्याचा दाखला दिला जातो तो २००२ मधला छोटा अभ्यास चाईवरचा होता, या टकलावरचा नव्हे.

इथे उपयोगी ठरलेली औषधं मोजकीच आहेत. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याचं पाहून लावण्याचं औषध तयार झालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते कोरड्या त्वचेला नियमित लावावं लागतं. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी दिसते आणि बहुतेकजण तिथेच औषध सोडतात. खरा निकाल चार ते सहा महिन्यांनी कळतो, आणि औषध बंद केलं की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ते टाळावं. घरात मांजर असेल तर तिला ते चाटू देऊ नका, मांजरांना ते विषारी ठरतं.

फिनॅस्टेराइडची गोळी डीएचटी कमी करते. ती पुरुषांसाठी आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. काहींना लैंगिक तक्रारी किंवा मनाची उदासी जाणवते, ती लपवू नका. प्रोस्टेटची पीएसए चाचणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगा, कारण तिच्यामुळे आकडा खोटा कमी दिसतो. गरोदर स्त्रीनं तुटलेल्या गोळीला हातही लावू नये. तरुण मुलीचा भांग रुंद होतोय, पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर केस येताहेत, असं असेल तर पीसीओएसची तपासणी आधी करा.

जाहिरात आणि दावा

आपल्याकडच्या १९४५ च्या औषध नियमांत ‘अनुसूची जे’ नावाची यादी आहे. त्यातले आजार बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही, आणि त्या यादीत टक्कल आणि नवे केस उगवणं या दोन्ही गोष्टी आहेत. ‘१०० टक्के नवे केस’ अशी हमी वाचली की ही यादी आठवा.

केशरोपणाचा विचार असेल तर शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, त्यांची पदवी कोणती, भूल कोण देणार आणि काही बिघडलं तर तिथे सोय काय, हे चार प्रश्न आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी विचारा. रोपण म्हणजे मागचे केस पुढे लावणं. एकूण संख्या वाढत नाही आणि आधीच्या केसांचं विरळ होणं थांबत नाही, म्हणून औषध पुढेही चालूच राहतं.

डॉक्टरांकडे केव्हा आणि काय घेऊन

चट्टा पडला, त्वचेवर लाली, पू किंवा वेदना असेल, भुवयाही गळू लागल्या असतील किंवा त्वचा चकचकीत होऊन तिच्यावरची छिद्रं दिसेनाशी झाली असतील, तर थांबू नका. या शेवटच्या प्रकारात मुळांच्या जागी व्रण तयार होतात आणि उशीर झाला की केस परत येत नाहीत. जाताना मागच्या सहा महिन्यांतल्या घटनांची नोंद, चालू औषधांची आणि गोळ्यांची यादी, भांगाचे फोटो आणि जुने रक्त अहवाल सोबत घ्या. आदल्या दिवशी तेल लावू नका, डॉक्टरांना त्वचा दिसायला हवी.

कारण ठरलं की एकच उपाय निवडा आणि सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा. आज वाढीला लागलेला केस चार महिन्यांनी जेमतेम चार सेंटिमीटरचा होतो, त्यामुळे आठवड्याला तेल बदलणाऱ्याला कशाचा गुण आला आणि कशाचा नाही हे कधीच कळत नाही. निकाल चौथ्या महिन्याच्या फोटोवरून लावा. तोवर नवी बाटली आणू नका.